किनारा, शहर आणि उपनगर: मतं वेगळी का पडतात याची पार्श्वभूमी

निकाल लागला की दरवेळी तीच चर्चा, कोकणाने असं का केलं, मुंबईने तसं का केलं, आणि ठाणे-डोंबिवली भलतीकडेच कशी गेली. तीन वेगळ्या जातकुळीची माणसं असल्यासारखं सगळे बोलतात. पण यातली कितीतरी घरं एकच आहेत, आईवडील संगमेश्वरात, मोठा भाऊ अजून लालबागला आणि धाकटा नालासोपाऱ्यात. एकाच घरातली मतं तीन ठिकाणी तीन तऱ्हेने का पडतात हे समजायचं तर ती माणसं तिथे कधी आणि का गेली ते बघावं लागतं. (उपनगर म्हणजे इथे बांद्रा ते दहिसर आणि कुर्ला ते मुलुंड धरलंय, ठाणे-कल्याण-वसई त्याच्या पुढचं.)

जुनं थोडक्यात सांगतो. किनाऱ्यावर आधी प्रश्न होता खोतीचा, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोताच्या कुळांवरच्या हक्काचा. अलिबागजवळच्या चरीला कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं जमीन पडीक ठेवून संप केला, खोती कायद्याने गेली ती १९४९ ला. त्यामुळे कुलाबा जिल्ह्यात (आताचा रायगड) लाल बावटा, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, रुजला आणि खाली रत्नागिरीत समाजवादी. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ ला हे पक्कं झालं. राजापूर लोकसभा मतदारसंघाने १९५७ पासून १९८९ पर्यंत प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी परंपरेतलाच खासदार दिला, मध्ये देशात कितीही लाटा आल्या तरी.

खरी गंमत १९८४ ची आहे. त्या वर्षी इंदिरा गांधींच्या हत्येनंतर सहानुभूतीची एवढी मोठी लाट होती की देशभर विरोधक वाहून गेले. पण राजापूरने आपला समाजवादी खासदार परत पाठवला आणि गिरणगावाने गिरणी संपाच्या नेत्याला लोकसभेत निवडून दिलं. हा मला योगायोग वाटत नाही. गिरणगावातला कामगार मोठ्या प्रमाणात कोकणातलाच होता, गावाचं मुंबई मंडळ, गावकऱ्यांची सामायिक खोली, गणपतीला आणि शिमग्याला जाणं-येणं, मनीऑर्डर, आणि या सगळ्यातून राजकारणही गावाहून मुंबईला आणि मुंबईहून गावाला जात होतं. किनारा आणि शहराचा मध्यभाग तेव्हा एकाच सुरात बोलत होते असं म्हटलं तरी चालेल.

उपनगरांपलीकडचं चित्र मात्र तेव्हाच वेगळं होतं. ठाणे लोकसभेने १९७७ आणि १९८० ला जनसंघाच्या परंपरेतला खासदार दिला, १९८९ आणि १९९१ लाही त्याच विचाराचा. डोंबिवली-कल्याणचा नोकरदार, बँकेतला, सरकारी ऑफिसातला, सकाळची लोकल पकडणारा वर्ग हा त्याचा पाया. ठाणे शहरात दुसरा भगवा प्रवाह, शिवसेना, १९६७ लाच नगरपालिकेत सत्तेवर आला होता, म्हणजे मुंबई महापालिका हाती यायच्या तब्बल १८ वर्षं आधी.

आता तो गिरणी संप, १८ जानेवारी १९८२ चा. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, विरून गेला. त्यानंतर गिरणगाव रिकामं व्हायला लागलं. एकदम नाही, पण मुलगा मोठा झाला, लग्न ठरलं, दहा बाय बाराच्या खोलीत दोन कुटुंबं मावेनात, की भांडुप, कांजूर, डोंबिवली, दिवा, विरार. जिथे युनियनचा माणूस दाराशी यायचा तिथून माणूस अशा ठिकाणी गेला जिथे युनियन नाही, कामाची जागा एकीकडे आणि राहायची तिसरीकडे, आणि रोजचे प्रश्न म्हणजे पाणी, रिक्षा, लोकलची गर्दी, बिल्डिंग अधिकृत आहे की नाही. हे प्रश्न सोडवणारा माणूस म्हणजे शाखेवर बसणारा, नाहीतर नगरसेवक. डाव्यांचं शहरातलं राजकारण विचाराने हरलं यापेक्षा त्याचा पत्ताच बदलला असं मला वाटतं. गावाकडेही हेच उलट दिशेने पोचलं, मुंबईची शाखा गावात आली, १९९१ ला राजापूरची समाजवादी परंपरा तुटली आणि १९९६ पासून तिथे भगवा.

आता ज्या निर्णयाबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं आणि माझ्या मते ज्याने सगळ्यात जास्त फरक पडला तो म्हणजे २००८ ची मतदारसंघ पुनर्रचना. त्याआधीच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर होत्या आणि १९७६ ला घटनादुरुस्ती करून त्या गोठवल्या होत्या. नवीन रचना २००१ च्या जनगणनेवर झाली, राज्याच्या एकूण २८८ जागा तेवढ्याच ठेवून आतल्या आत वाटप. राज्याची लोकसंख्या साधारण ९ कोटी ६९ लाख, भागिले २८८ म्हणजे एका आमदारामागे सुमारे ३ लाख ३६ हजार. आता रत्नागिरी जिल्हा जवळपास १७ लाख, म्हणजे ५ जागा. आधी ७ होत्या. सिंधुदुर्गाच्या वाट्याला हिशोबाने अडीचच्या थोडं वर येतात, मिळाल्या ३. खेड, संगमेश्वर, वेंगुर्ला ही नावं यादीतून गेली. मुंबई शहर जिल्ह्याच्या १७ च्या १० झाल्या, दादर, परळ, माझगाव, गिरगावातले जुने मतदारसंघ गेले. उपनगर जिल्हा १७ वरून २६. आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा १३ वरून थेट २४.

याच्या बाजूने जे बोललं जातं ते चुकीचं नाही, हे आधीच सांगतो. जुन्या रचनेत ठाणे जिल्ह्यात एका आमदारामागे सव्वासहा लाख लोक होते आणि मुंबई शहरात दोन लाखांच्या आत. म्हणजे मुंबईतल्या कुलाब्याच्या एका मताची किंमत कल्याणमधल्या तीन मतांएवढी. हे कुठल्याच लोकशाहीत बसत नाही. पण कोकणाच्या बाबतीत एक गोष्ट विसरली जाते. जनगणना माणूस जिथे राहतो तिथे मोजते. रत्नागिरी जिल्ह्यात २००१ ला दर हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या, कारण पुरुष मुंबई-ठाण्यात. घर गावाला, शेत गावाला, म्हातारे गावाला, कित्येकांचं मतदार यादीतलं नावसुद्धा गावाला, आणि मोजणी मात्र ठाण्याजवळच्या दिवा गावात. जो माणूस निवडणुकीला रात्रभर गाडीने जाऊन गावात मत देतो तो जागावाटपात ठाण्याच्या खात्यात जमा झाला. गावाची जमीन, समुद्र, रस्ता, दवाखाना यांचं वजन त्यात कुठेच आलं नाही. नुसती डोकी मोजून किनाऱ्याचं प्रतिनिधित्व ठरवणं मला अजूनही अन्यायाचं वाटतं.

लोकसभेला तर अजून विचित्र झालं. राजापूर आणि रत्नागिरी मिळून एक मतदारसंघ झाला, दापोली-गुहागर रायगडात गेले, आणि उरण-पनवेल-कर्जत घाट ओलांडून पिंपरी-चिंचवडबरोबर मावळात. उरण म्हणजे तो भाग जिथे नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ ला गोळीबारात पाच जण गेले आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. तिथल्या आगरी-कोळी मतदाराचा प्रश्न आणि चिंचवडच्या सोसायटीतल्या मतदाराचा प्रश्न एका खासदाराने कसा मांडायचा? लाल बावट्याचा जो उरलासुरला लोकसभेचा आधार होता तो तिथेच दुभंगला.

यामुळे किनाऱ्यावर एक वेगळंच राजकारण दिसतं. गावपातळीवर विरोध अतिशय ठाम असतो. जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरुद्ध एप्रिल २०११ ला साखरी नाट्याला गोळीबारात एक मच्छीमार मेला. नाणारच्या रिफायनरीचं भूसंपादन मार्च २०१९ ला रद्द करावं लागलं. नंतर बारसूला २०२३ ला माती परीक्षणावरून परत तेच. पण लोकसभेच्या निकालात हा राग विरघळून जातो, कारण बाधित गावं थोडी आणि मतदारसंघ चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत. लोक विरोध विसरले असा त्याचा अर्थ काढणारे तिकडे कधी फिरलेले नसतात.

जून २०२२ च्या शिवसेनेतल्या फुटीनंतर तर तिन्ही भाग उघड वेगळे झाले. २०२४ च्या लोकसभेला फुटीतल्या मूळ नेतृत्वाच्या, म्हणजे उद्धव ठाकरेंच्या, गटाला मुंबईत तीन जागा मिळाल्या, पण ठाणे, कल्याण, रायगड, रत्नागिरी-सिंधुदुर्ग एकही नाही. विधानसभेला त्यांच्या २० पैकी १० जागा मुंबईतल्या आणि कोकण किनाऱ्यावर फक्त गुहागर. पक्षाच्या उपनगरांपलीकडच्या फळीनेच बाजू बदलली होती, आणि कोकणातली संघटना कितीतरी वर्षं मुंबईपेक्षा ठाण्याकडे बघत होती, हा मुद्दा निकालाच्या गडबडीत मागे पडला. मुंबई उपनगरात मात्र एकसंध कल असा नाहीच, उत्तर मुंबईत निकाल एकतर्फी, तर त्याला लागून असलेल्या वायव्य मुंबईत निकाल ४८ मतांनी.

एकूण जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेल्या आहेत. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या ८० हजारांहून जास्त घटली, सिंधुदुर्गाची आणि मुंबई शहराचीही घटली, आणि ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. पुढची मोजणीही याच दिशेने गेली आणि हिशोब परत फक्त डोक्यांचाच राहिला तर रत्नागिरीच्या पाचच्या चार होतील, आणि ती जागा पुन्हा ठाणे-पालघरकडेच जाईल.