भूशास्त्रातलं मेंटरिंग (गोवा)

भूशास्त्रात जी मुलं फारशी दिसत नाहीत, म्हणजे आदिवासी समाजातली, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली, खेड्यातल्या मुली, त्यांना कुणीतरी जाणत्याने डिग्रीपासून नोकरी किंवा पीएचडीपर्यंत सोबत करायची, याला मेंटरिंग म्हणतात. करिअर गायडन्सचं लेक्चर यात धरू नये, ते तासाभरात संपतं, हे काही वर्षं चालतं.

अमेरिकेत या प्रश्नावर बरंच काम झालंय, तरी 2018 साली आलेल्या एका अभ्यासात दिसलं की तिथे भूविज्ञानात पीएचडी घेणाऱ्यांत वांशिक विविधता चाळीस वर्षांत जवळपास वाढलीच नाही. तिथल्याच बोल्डर शहरात 1996 मध्ये सुरू झालेल्या सोअर्स या वातावरणशास्त्राच्या मेंटरिंग कार्यक्रमात एका विद्यार्थ्याला एकापेक्षा जास्त मेंटर दिले, संशोधनाला एक, लिखाणाला वेगळा, शिवाय एखादा सिनियर.

गोव्याचं चित्र जरा गमतीचंच आहे. एवढ्याशा राज्यात दोनापावलाला समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था एनआयओ (स्थापना 1966), वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं एनसीपीओआर, ताळगाव पठारावर विद्यापीठ, आणि जिऑलॉजी शिकवणारी मिरामारचं धेंपे व मडगावचं चौगुले ही कॉलेजं. दुसरीकडे डिचोली, सत्तरी, सांगे, केपे हा लोहखनिजाचा पट्टा, तिथल्या कितीतरी घरांत चूल पेटली ती ट्रक, बार्ज नाहीतर मशीन चालवून, त्यामुळे मायनिंग म्हटलं की पोरांना ट्रक आठवतो, जिऑलॉजिस्ट नाही. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केल्या, मग घरचे विचारू लागले की खाणी बंद असताना दगड शिकून करणार काय? इथे मेंटरचं काम सुरू होतं, भूजल, किनाऱ्याची धूप, दरडी, जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं काम), जीएसआयची म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातली नोकरी हे सगळं आईबाबांना पटेल असं सांगायचं, आणि तेही शक्यतो घरी जाऊन.

गावडा, कुणबी आणि वेळीप यांना 2003 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, 2011 च्या जनगणनेत एसटी लोकसंख्या साधारण 10 टक्के होती. केंद्रातल्या जागांत एसटींना 7.5 टक्के आरक्षण आहे. पण जमातीचा दाखला वेळेवर काढला नाही तर त्या आरक्षणाचा उपयोग काय! आयआयटीत एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम, पुढे गेट, नेट या परीक्षा, यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा, सायन्स अकादमींची समर फेलोशिप, प्रत्येकाची तारीख वेगळी, काही ठिकाणी शिफारसपत्र लागतं, ते सरांकडे मागायचं कसं हेच पहिल्या पिढीच्या मुलाला ठाऊक नसतं.

मुलींचं वेगळंच, फिल्डवर मुक्काम म्हटलं की घरी नकारघंटा, आणि कॅम्पवर टॉयलेटची सोय आहे का हे कुणी आधी विचारत नाही. 1952 च्या खाण कायद्याने तर बायकांना जमिनीखालच्या खाणीत कामालाच मज्जाव होता, तो 2019 मध्ये अटींसह सैल झाला. नाही म्हणायला एनआयओतल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत 1983 च्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या होत्या, नागपूरच्या, हे नाव मुलींना जरूर सांगावं.

चांगला मेंटर प्रोजेक्ट मुलाच्या गावातच शोधतो. कुठली विहीर मे महिन्यापर्यंत टिकते, खाणीचा खड्डा उपसल्यावर कुठलं पाणी आटलं, चिरेखाणीत मऊ थर कुठे लागतो, खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतात, मानशीपाशी (पाण्याच्या दारापाशी) खारं पाणी कधी चढतं, हे त्या पोराला आधीच माहीत असतं, फक्त ते मोजून इंग्रजीत लिहायला मदत लागते. प्राथमिक शाळा मराठी-कोकणीत झालेली असली तर हेच लिहिणं सगळ्यात जड जातं.

अडचण अशी की लेक्चर बेसिसवरचे, म्हणजे तासांवर पगार मिळणारे शिक्षक बदलत राहतात आणि धागा तुटतो. मग प्रत्यक्षात मेंटरिंग करतो तो एक-दोन वर्षं पुढे असलेला सिनियर, स्वतःचे नोट्स आणि फॉर्मच्या तारखा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून, गरज पडली तर हातोडी नि थरांचा उतार मोजायचा क्लिनोमीटरही उसना देऊन.