श्रवण (ग्रंथश्रवण)

धर्मग्रंथ जाणत्याच्या तोंडून नेमाने ऐकणे, त्याचा अर्थ स्वतःला पटवून घेणे आणि तो वागण्यात उतरवणे, या साधनेला श्रवण म्हणतात. भागवत पुराणाच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने सांगितलेल्या नवविधा भक्तीत श्रवणाचा क्रमांक पहिला आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन (त्याच अर्थाचे सतत ध्यान) असा क्रम सांगतो.

कानावर शब्द पडले म्हणजे श्रवण झाले, असे वेदान्ती (उपनिषदांचे तत्त्वज्ञान मानणारे) मानत नाहीत. ग्रंथाचे तात्पर्य ठरवणे हेच त्यांच्या मते श्रवण, आणि त्यासाठी त्यांनी सहा खुणा दिल्या आहेत: आरंभ व शेवट यांचा मेळ (उपक्रम-उपसंहार), पुन्हा पुन्हा येणारा मुद्दा (अभ्यास), इतर प्रमाणांनी न कळणारी गोष्ट (अपूर्वता), फल, स्तुती-निंदा (अर्थवाद) आणि युक्तिवाद (उपपत्ती). ही चाळणी कोरडी वाटली तरी फार उपयोगाची आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कुलक्षयाबद्दल बरेच बोलतो. त्याला खरे उत्तर दुसऱ्या अध्यायाच्या ११व्या श्लोकापासून मिळू लागते. पहिल्याच दिवशी ऐकून उठलेला श्रोता पूर्वपक्षालाच (पुढे खोडायच्या मताला) सिद्धान्त, म्हणजे ग्रंथाचे अंतिम मत, समजून घरी जातो. पोथीच्या शेवटची फलश्रुती हा अर्थवाद. तिला विधी (शब्दशः घ्यायची आज्ञा) समजणारे पुढे फळ मिळाले नाही म्हणून ग्रंथालाच दोष देतात.

आज्ञापालनाबाबत गीतेची भूमिका एकपदरी नाही. सोळाव्या अध्यायाचा शेवट कार्य-अकार्य ठरवताना शास्त्र प्रमाण माना असे सांगतो, अठराव्यात मात्र ‘याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर’ अशी मोकळीक आहे (१८.६३). त्यानंतर कृष्ण विचारतो, हे एकाग्रतेने ऐकलेस ना? आणि ‘करिष्ये वचनं तव’ हे अर्जुनाचे उत्तर येते. ऐकणे आणि आज्ञा पाळणे यांच्यामध्ये विचाराची पायरी आहे. ती गाळली तर उरतो तो केवळ धाक.

मराठी मुलखात श्रवणाला सप्ताह, चातुर्मासातील पोथी, प्रवचन आणि कीर्तन अशी रूपे मिळाली. परीक्षिताने शुकाकडून सात दिवसांत भागवत ऐकले, ही कथा सप्ताहाचा आधार आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे पूर्ण झाली, एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिचा पाठ शुद्ध केला. दासबोधात रामदासांनी चौथ्या दशकाचा (दहा प्रकरणांच्या भागाचा) पहिला समास, म्हणजे प्रकरण, श्रवणभक्तीला दिला आणि सातव्या दशकात पुन्हा श्रवणनिरूपण केले. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून निरूपणकार घडवण्याची शिस्तबद्ध सोय झाली.

पारायणाचा हिशेब आधी मांडावा. प्रचलित ज्ञानेश्वरीत ९,०३३ ओव्या धरल्या तर सात दिवसांत रोज सुमारे १,२९० येतात. मिनिटाला पाच ओव्या या गतीने सव्वाचार तास लागतात, आणि तेही अर्थ न सांगता. अध्याय सारखे लांब नाहीत. एकट्या अठराव्याच्या सुमारे १,८०० ओव्या असल्याने तो सहाव्या दिवशीच सुरू करावा लागतो. हे लक्षात न घेतल्यास शेवटच्या दिवशी वाचक धावतो आणि श्रोत्याच्या हाती फक्त चाल उरते. सामूहिक वाचनाला स्वतःचे मोल आहे, पण ते अर्थश्रवणाची जागा घेत नाही. अर्थश्रवणासाठी रोज २५ ओव्या सार्थ (अर्थासह छापलेल्या) प्रतीवरून घ्याव्यात. ग्रंथ वर्षभरात पुरा होतो. दासबोध रोज एक समास धरला तर २०० दिवसांचा.

मनन म्हणजे ऐकलेले त्याच दिवशी पोथी मिटून स्वतःच्या शब्दांत सांगून पाहणे. अडले तर तेवढ्याच ओव्या पुन्हा ऐकाव्यात. आचरणासाठी विधान लहान निवडावे. नामदेवांच्या नावावरील अभंगात ज्ञानेश्वरीची ‘एक तरी ओवी अनुभवावी’ असे म्हटले आहे. मागणी एका ओवीची आहे, नऊ हजारांची नाही. सुरुवातीला गीतेच्या सतराव्या अध्यायातले वाणीचे तप सोयीचे पडते: दुसऱ्याला न दुखवणारे, खरे, प्रिय आणि हिताचे बोलणे. चारही अटी एकत्र पाळायच्या असतात. खरे बोलण्याच्या नावाखाली टोचून बोलणारा त्यातली एकच पाळतो. महिनाभर रात्री दिवसातले एक संभाषण या चार अटींवर तपासले, तर नेमके कुठे अडते ते कळते. बहुतेकांचे घरच्यांशी बोलतानाच अडते.

नेहमीच्या चुकांपैकी सर्वांत जुनी म्हणजे ऐकलेले शेजाऱ्याला लावणे. गीतेच्या तेराव्या अध्यायातली अमानित्व (मानाची हाव नसणे), अदंभित्व (ढोंग नसणे) ही ज्ञानाची लक्षणे श्रोत्याने स्वतःला मोजण्यासाठी आहेत. दुसरी चूक, सोवळेओवळे, आसन, वेळ या नियमांनाच आज्ञा मानणे. तिसरी, एकाच वेळी तीन-चार ग्रंथ धरणे: प्रत्येकाची परिभाषा वेगळी असते, आणि एकाचे अर्धवट उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला चिकटते. नेमात खंड पडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नये. थांबलेल्या ओवीपासूनच पुढे जावे. वर्षाऐवजी चौदा महिने लागले तरी चालतात.