काळ्या वाळूत सोनं? नाय हो!
मालवणात दर पावसाळ्यानंतर कोणीतरी वाळूतली पिवळी चमक दाखवून "कर्नाटकातल्या कोलारच्या खाणीसारखं सोनं आपल्याकडे पण आहे" म्हणतंच, आमचे काका तर डबा भरून बसलेत. अहो, ते अभ्रक! नखाने पापुद्रे सुटतात त्याचे, सोन्याचे सुटतील का? आणि काळी वाळू म्हणजे बरीचशी इल्मेनाइट, लोखंड-टायटॅनियमचं खनिज. कोलारचं प्रकरणच वेगळं, तिथले खडक साधारण 270 कोटी वर्षं जुने, त्यांच्या भेगांत खोलवरचं गरम पाणी सोनं घेऊन शिरलं आणि क्वार्ट्झच्या, म्हणजे गारगोटीच्या, शिरांत ते साचलं, तेही बहुतेक बारीक कणांत, म्हणून दगड कुटून पूड करायची, त्यासाठी 3 किलोमीटरहून खोल उतरायचे लोक. 2001 मध्ये बंदच झाली ती खाण, परवडेना.