परसातले छोटे पक्षी टिपताना: दाणापात्र, काटकी आणि कॅमेरा

दाणापात्रावर बसलेल्या पक्ष्याचा फोटो काढू नका. उतरण्याआधी तो शेजारी क्षणभर टेकतो. फोटो तिथला घ्यायचा. त्यासाठी पेन्सिलीएवढ्या जाडीची, सालीसकट काटकी पात्रापासून वीतभर लांब आणि थोडी उंच बांधा. एकच बांधा, दोन असल्या की पक्षी नेमका दुसरीवर बसतो. काटकी कॅमेऱ्याला अगदी आडवी ठेवली तर पक्षी तोंड नाहीतर पाठ दाखवतो, म्हणून ती तिरकी हवी.

बाजूने दिसणारा पक्षी का हवा, याला हिशेब आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा) ४०० मिमी लेन्स, ३ मीटर अंतर आणि एफ ५.६ (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) असताना जेमतेम २ सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. मुनिया १० सेंटिमीटरची. ती समोर तोंड करून बसली तर डोळा नीट येतो आणि शेपूट विरघळते. एफ ८ केलं तर अडीच-पावणेतीन सेंटिमीटर मिळतात, फार नाही. मागची माडाची झावळं किंवा केळी निदान ३-४ मीटर दूर हवीत, नाहीतर पार्श्वभूमी गिचमीड होते.

बसलेल्या पक्ष्याला १/८०० सेकंदाचा शटरचा वेग पुरतो. उडताना पंख गोठवायचे तर १/३२०० लागतो. माडांच्या सावलीत त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० किंवा त्याहून वर जाईल; जाऊ द्या, दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. ऑटोफोकस सतत चालणारा ठेवा. पक्षी उडाल्यावर बटण दाबलं तर रिकामी काटकीच मिळते, कारण बोट पाव सेकंद तरी मागे असतं. कॅमेऱ्यात प्री-कॅप्चर (बटण पूर्ण दाबण्याआधीच्या क्षणांचेही फोटो ठेवणारी सोय) असेल तर वापरा. मात्र ती सहसा इलेक्ट्रॉनिक शटरवर चालते, आणि त्यात चित्र ओळीओळीने टिपलं जात असल्याने फडफडणारे पंख कधी कधी वाकडे दिसतात. तो लेन्सचा दोष नव्हे.

मुनियांसाठी राळा किंवा बाजरी ठेवा. शिंजीर फुलांतला मध पितो, दाण्यावर येत नाही. त्याच्यासाठी काटकीजवळ जास्वंद किंवा पिटकोळी लावा. त्याच्या गळ्याची झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसते, म्हणून सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून यायला हवं. आडव्या उन्हात तोच गळा काळा ठिक्कर पडतो. बल्कावातून (घरापुढच्या ओसरीतून) फोटो काढणार असाल तर पात्र टांगण्याआधी उन्हाची ही दिशा बघून घ्या.

फेब्रुवारी ते मे दाण्यापेक्षा पाण्याची मातीची परळ जास्त कामाची. पाणी २-३ सेंटिमीटरच, मध्ये एक खडबडीत दगड, आणि रोज बदललेलं. नाहीतर डासांची पैदास होते. मांजर दबा धरेल अशा झुडपापासून परळ २ मीटर दूर ठेवा. बुलबुल, दयाळ, शिंपी असे दाण्याकडे ढुंकूनही न बघणारे पक्षी इथेच मिळतात.

पावसाळ्यात दाणा एका दिवसात बुरसतो. रोज मूठभरच घाला, उरलेला फेकून पात्र धुऊन सुकवा. लेन्सलाही बुरशी लागते, तेव्हा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. एसीच्या खोलीतून बाहेर नेताना अर्धा तास कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन उघडू नका, नाहीतर गार काचेवर बाष्प धरतं.