मोबाइल कॅमेऱ्याचे कमी उजेडातील एक्सपोजर

अपुऱ्या प्रकाशात सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) उजेड किती वेळ पडू द्यायचा आणि मिळालेला संकेत किती वाढवायचा, हे ठरवण्याची मोबाइल कॅमेऱ्याची रीत. मोठ्या कॅमेऱ्यात हा हिशेब ॲपर्चर (लेन्सचे भोक), शटर (उजेड घेण्याचा वेळ) आणि आयएसओ (संकेताची वाढ) या तिघांवर चालतो. मोबाइलमध्ये ॲपर्चर बहुधा कायमचे ठरलेले असते. मुख्य कॅमेऱ्याला ते एफ/१.८ च्या आसपास असते. २०१८ च्या गॅलक्सी एस९ सारखे दोन ॲपर्चरचे फोन अपवादच. उरतात शटर आणि आयएसओ. त्यांच्या जोडीला आता तिसरी गोष्ट आली आहे : एकाच दृश्याच्या किती फ्रेम, म्हणजे लागोपाठ घेतलेली चित्रे, एकत्र करायच्या. रात्रीचे फोटो सुधारले ते मुख्यतः या तिसरीमुळे, आणि आज ते बिघडतातही बहुतेक तिच्याचमुळे.

उजेड कमी का पडतो : मोठ्या कॅमेऱ्यातल्या फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौ. मिमी असते. १/१.३ इंची मोबाइल सेन्सरचे सुमारे ७०, तर १/२.५५ इंचीचे जेमतेम २४ चौ. मिमी भरते. ॲपर्चर आणि शटर सारखे ठेवले तरी लहान सेन्सरच्या वाट्याला एकूण प्रकाश त्याच प्रमाणात कमी येतो. शिवाय फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजूनमापून येत नाहीत. त्यांच्या संख्येत वर्गमुळाइतका चढउतार असतोच. एका पिक्सेलवर १०,००० फोटॉन पडले तर चढउतार १००, म्हणजे १ टक्का. १०० च पडले तर तो १०, म्हणजे १० टक्के. रात्रीच्या आकाशात आणि भिंतीच्या सावलीत दिसणाऱ्या मुंग्या त्या याच.

आयएसओ वाढवल्याने एकही फोटॉन जास्त मिळत नाही. आलेला संकेत आणि त्यातला गोंधळ (वर सांगितलेला चढउतार) दोन्ही सोबतच मोठे होतात. त्यामुळे ‘आयएसओ चढवला म्हणून फोटो फुटला’ हे म्हणणे अर्धेच खरे. फोटो फुटतो तो उजेड कमी मिळाल्यामुळे. चढवलेल्या आयएसओचे खरे नुकसान वेगळे आहे : दिवे, पाट्या, चमकणारे दागिने लवकर पांढरेफटक होतात आणि तिथला तपशील मग कशानेही परत येत नाही. ४८ किंवा ५० मेगापिक्सेलचे सेन्सर शेजारचे चार पिक्सेल एकत्र धरून १२ मेगापिक्सेलच्या आसपासचा फोटो देतात तेही उजेड कमी पडतो म्हणूनच. रात्री पूर्ण ५० मेगापिक्सेलचा मोड लावणे म्हणजे हा फायदा आपणहून सोडणे.

फ्रेम जोडणे : सारख्याच नऊ फ्रेमची सरासरी काढली तर गोंधळ एकतृतीयांशावर येतो, सोळांची काढली तर एकचतुर्थांशावर. एकच लांब एक्सपोजर दिल्यानेही जवळपास हेच साधले असते, पण हातातला फोन तेवढा वेळ स्थिर राहत नाही. म्हणून कॅमेरा आखूड फ्रेमची माळ घेतो, तीही मुद्दाम थोडी काळपट, म्हणजे दिवे पांढरेफटक होत नाहीत. त्यातली सर्वांत स्थिर फ्रेम तो आधार मानतो, बाकीच्यांचे लहान लहान चौकोन करून ते तिच्यावर बसवतो आणि सावल्या शेवटी उजळतो. हुआवेच्या पी२० प्रो मध्ये आणि गूगलच्या पिक्सेल फोनवरच्या नाइट साइट या रात्रीच्या मोडमध्ये २०१८ साली ही रीत नावारूपाला आली. २०१९ मध्ये आयफोन ११ मध्ये नाइट मोड आला. नाइट साइट सुरुवातीला हात हलत असेल तर १/१५ सेकंदाच्या १५ फ्रेमपर्यंत घेई, आणि फोन ट्रायपॉडवर आहे असे जाणवले की एकेका सेकंदाच्या सहा.

फोन ट्रायपॉडवर आहे हे त्याला हालचाल मोजणाऱ्या जायरोस्कोपवरून कळते. म्हणूनच पुलाच्या कठड्याला किंवा गाडीच्या सीटला टेकवलेला फोन फोटो घेण्याचे सेकंद स्वतःहून वाढवतो. बटण दाबताना बसणारा हिसका टाळायचा असेल तर तीन सेकंदांचा टायमर लावावा, आणि फोटो पूर्ण घेतला जाईपर्यंत फोन खाली घेऊ नये. हे शेवटचे सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळ्यात जास्त मोडले जाते ते हेच.

चालती माणसे ही या पद्धतीची अडचण. पाच मीटरवरून आडवा जाणारा पादचारी १/१० सेकंदात सुमारे १२ सेंमी सरकतो. ४,००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत ते जवळपास ७० पिक्सेल होतात. हात हलल्याची भरपाई करणारे स्टॅबिलायझेशन इथे कामाचे नाही, कारण इथे समोरचा हलतो आहे. फ्रेम जोडताना जे चौकोन जुळत नाहीत ते कॅमेरा सोडून देतो, त्यामुळे तेवढ्या जागी एकाच फ्रेमचा दाणेदारपणा राहतो. भिंत स्वच्छ आणि तिच्यापुढचा माणूस मुंग्यांनी भरलेला दिसला, तर दोष लेन्सचा नाही, जोडणीचा आहे. माणसाच्या मागे फिकट दुसरी कड दिसली, तर न जुळणारा चौकोन चुकून जोडला गेला असे समजावे.

टेलिफोटो (दूरचे जवळ आणणारा कॅमेरा) निवडूनही रात्री पुष्कळ फोन मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करतात, कारण टेलिफोटोचे ॲपर्चर आणि सेन्सर दोन्ही लहान असतात. टेलिफोटोच्या लेन्सवर बोट धरून पाहावे; पडदा काळा झाला नाही तर फोटो दुसऱ्याच कॅमेऱ्यातून येतो आहे.

दिव्यांची लुकलुक : आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे तिच्यावरचे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. मोबाइलचा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. शटरचा वेळ १/१०० सेकंदाच्या पटीत नसेल तर काही ओळींना जास्त उजेड मिळतो, काहींना कमी, आणि फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. नागपूरच्या बर्डी (सीताबर्डी) बाजारातल्या फुटपाथवर स्वस्त एलईडी बल्बखाली मांडलेल्या दुकानाचा व्हिडिओ घेताना हे हमखास दिसते. आकडे स्वतः ठरवायच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवावा, १/६० टाळावा. सेटिंगमध्ये लुकलुक कमी करण्याचा पर्याय असल्यास तो ५० हर्ट्‌झवर हवा. काही एलईडींची लुकलुक विजेच्या नव्हे, त्यांच्या स्वतःच्या ड्रायव्हरच्या (वीज पुरवणाऱ्या भागाच्या) गतीने चालते. तिथे पट्टे जाईपर्यंत शटर थोडा थोडा लांबवत जाण्यावाचून इलाज नाही. जुन्या, कमी दाबाच्या सोडियम दिव्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांचा प्रकाश जवळजवळ ५८९ नॅनोमीटरच्या एकाच पिवळ्यात असल्याने व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा सावरणारी सेटिंग) कितीही फिरवला तरी कपड्यांचे खरे रंग येत नाहीत.

नागपुरातले काही प्रसंग : रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेत चित्ररथ आणि गर्दी दोन्ही हलत असतात, म्हणून नाइट मोड बंद ठेवावा. शटर १/१०० आणि आयएसओ ८०० ते १६०० पासून सुरुवात करावी. निळ्या एलईडीने तोंडावळे जांभळे होतात, कारण निळा रंग एकटाच कमाल मर्यादेला टेकलेला असतो. एक्सपोजर एक स्टॉप, म्हणजे निम्म्यावर, खाली घेतल्यावर बरेचसे सावरते. दीक्षाभूमीवर रोषणाई असताना पांढरा घुमट आणि काळे आकाश समोरासमोर येतात. कॅमेऱ्याची उजेडाची मोजणी आकाशाला भुलते आणि घुमट सपाट पांढरा होतो. घुमटावर बोट दाबून धरून एक्सपोजर लॉक करावे, मग सूर्याच्या चिन्हाने ०.७ ते १ स्टॉप उतरवावे.

कोजागिरीच्या चंद्राचे सगळेच उलटे आहे. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड, त्याला रात्रीचे एक्सपोजर नकोच. आयएसओ १०० आणि टेलिफोटोचे ॲपर्चर एफ/३.४ असेल तर शटर १/१००० सेकंदाच्या आसपास लागतो. आपोआप मोडमध्ये त्याची पांढरी थाळी होते. चंद्रावरचे डाग आणि गच्चीवरचे दुधाचे पातेले एकाच एक्सपोजरमध्ये येत नाहीत. दोन फोटो घ्यावेत.

तारे टिपायचे तर शहराबाहेर पडावे लागते. नागपूरच्या उत्तरेचा पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे कृत्रिम उजेडापासून राखलेले आकाश, ठरला. तिथे ट्रायपॉड आणि ताऱ्यांसाठीचा मोड लागतो. २०१९ च्या पिक्सेल ४ मधील असा मोड जास्तीत जास्त १६ सेकंदांच्या १५ फ्रेम, म्हणजे चार मिनिटे घेतो. एकच फ्रेम २० सेकंदांहून लांबवली तर पृथ्वी फिरत असल्याने ताऱ्यांच्या रेघा होऊ लागतात. अंधारात फोकसही भरकटतो, तो प्रो मोडमध्ये अनंतावर ठेवावा.

उन्हाळ्यात या गोंधळाला उष्णतेची जोड मिळते. सेन्सरमध्ये उजेडाविना साचणारा प्रवाह दर ६ ते ८ अंशांना साधारण दुप्पट होतो. १/३० सेकंदात तो जाणवत नाही, कित्येक सेकंदांच्या फ्रेममध्ये मात्र लाल-निळे ठिपके उमटतात. मे महिन्यात वाटेत नकाशा चालू ठेवून तापलेला फोन लगेच ट्रायपॉडवर चढवू नये. कव्हर काढून, चार्जर आणि डेटा बंद करून तो आधी निवू द्यावा, आणि लेन्सवरचा बोटांचा तेलकटपणा सुती कापडाने पुसून घ्यावा. दिव्यांभोवतीच्या लांब रेघा बहुतेक वेळा त्याच्याच असतात.