विद्यापीठीय दुर्बिणींवर बाह्य संशोधकांना मिळणारा निरीक्षण-वेळ

विद्यापीठाच्या मालकीच्या खगोलीय दुर्बिणीवर त्या विद्यापीठाबाहेरील संशोधकांना निरीक्षणासाठी दिला जाणारा वेळ. हा वेळ रात्रींत किंवा तासांत मोजतात. वर्षातील रात्री ठरलेल्या. त्यांतून ढगाळ हवा, दुरुस्ती आणि उपकरणांच्या चाचण्या वजा झाल्यावर जे उरते त्यावर पहिला हक्क बहुधा मालक विद्यापीठातील अध्यापकांचा व विद्यार्थ्यांचा असतो. त्यामुळे आतल्या एखाद्या संशोधकाला सहकारी करून घेणे, हाच बाहेरच्या व्यक्तीचा सर्वांत जुना मार्ग राहिला आहे.

संस्थांमधील करार हा त्याहून भक्कम मार्ग होय. विल्यम जॉन्सन मॅकडॉनल्ड या बँकमालकाच्या मृत्युपत्रामुळे टेक्सास विद्यापीठाला वेधशाळेसाठी पैसा मिळाला, पण तेथे खगोलशास्त्रज्ञ नव्हते. शिकागो विद्यापीठाकडे ऑटो स्ट्रूव्ह यांच्यासारखे निष्णात निरीक्षक होते, परंतु त्यांना मोठा आरसा आणि अधिक निरभ्र आकाश हवे होते. १९३२ मध्ये दोघांनी तीस वर्षांचा करार केला आणि १९३९ मध्ये २.१ मीटर व्यासाची दुर्बीण सुरू झाली. हवाई बेटांवरील, कॅलिफोर्नियातील विद्यापीठांच्या केक वेधशाळेच्या दहा मीटर व्यासाच्या दोन दुर्बिणींमध्ये नासाने १९९६ साली एक-षष्ठांश भाग घेतला, तो अमेरिकेतील इतर संस्थांच्या खगोलशास्त्रज्ञांनाही वेळ मिळावा म्हणून.

ज्यांच्या संस्थेचा असा करार नाही त्यांना, वेधशाळा बाहेरून प्रस्ताव मागवत असल्यास, वेळवाटप समितीकडे अर्ज करावा लागतो. प्रस्तावात वैज्ञानिक प्रश्नाबरोबरच प्रकाशग्रहणाचा कालावधी, लागणारे उपकरण आणि चंद्राची स्थिती यांचा हिशेब द्यावा लागतो. अंधूक दीर्घिकांसाठी अमावस्येच्या आसपासच्या रात्री लागतात व त्यांनाच मागणी अधिक असते. तेजस्वी ताऱ्यांचे वर्णपट मात्र चांदण्यातही घेता येतात, म्हणून तसा विषय असणाऱ्या पाहुण्याला संधी अधिक. नेमून दिलेली रात्र ढगांत गेली तर ती सहसा भरून मिळत नाही. रात्री आधी नेमून न देता प्रस्तावांच्या रांगेने चालणाऱ्या दुर्बिणींवर हा धोका कमी असतो, कारण तेथील कर्मचारी हवामान पाहून प्रत्येक प्रस्तावाची निरीक्षणे घेतात.

प्रवेशाचा प्रश्न नेहमीच गुणवत्तेवर सुटला असे म्हणता येत नाही. कॅलिफोर्नियातील पालोमार येथील पाच मीटरच्या दुर्बिणीवर स्त्रियांना स्वतःच्या नावाने निरीक्षण करू दिले जात नव्हते. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांना १९६५ मध्ये तशी परवानगी मिळाली, तेव्हा दुर्बीण सुरू होऊन दीड दशकाहून अधिक काळ लोटला होता. मोठी दुर्बीण नसलेल्या विद्यापीठांतील संशोधकांची कोंडी हेही अमेरिकेत १९५० च्या दशकात किट पीक राष्ट्रीय वेधशाळा स्थापन होण्याचे एक महत्त्वाचे कारण होते.

लहान दुर्बिणींचे मोलही येथे कमी लेखू नये. चलताऱ्याचा, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या ताऱ्याचा, महिनोन्‌महिने पाठपुरावा करायचा तर मोठ्या दुर्बिणीवर तेवढ्या रात्री मिळणे अवघड असते, तर एक मीटरच्या विद्यापीठीय दुर्बिणीवर त्या मिळू शकतात.