नाव बदलून सांगितलेले आयुष्य: मराठी कादंबरीतील ‘खरे’ आणि ‘रचलेले’

कादंबरी वाचून हातावेगळी केली की आपल्याकडचा वाचक हमखास विचारतो, ‘हे लेखकाचे स्वतःचेच आहे ना?’ हा प्रश्न भाबडा समजून टाळला जातो, आणि मला ते अन्यायाचे वाटते, कारण मराठी कादंबरीने हा प्रश्न पहिल्या पावलापासून स्वतःच ओढवून घेतला आहे. बाबा पदमनजी यांच्या १८५७ मधील ‘यमुनापर्यटन’ला ‘अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ अशी जोड होती. यमुना कल्पित, परंतु तिच्या प्रवासात समोर येणारी दुःखे त्या काळच्या घराघरांतली. पुढे हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापली, तीही यमू नावाच्या मुलीने सांगितलेली स्वतःची हकिगत म्हणून. लिहिणारा पुरुष आणि बोलणारी विधवा, ही योजना वाचकाने मनापासून स्वीकारली.

१९३३ हे वर्ष या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पांडुरंग सदाशिव साने यांनी अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. आई त्यांची, कोकणातले घर त्यांचे, पण बोलणारा श्याम. तो रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो, म्हणजे कल्पित आहे ती बैठक, ऐकणारे आणि नाव. अंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा मुलगा आणि त्याच्यासाठी धोंड्यावर आपल्या लुगड्याचे ओचे पसरणारी आई, हा प्रसंग आठवून पाहावा. ‘माझ्या आईने असे केले’ असे सानेगुरुजी म्हणते, तर ऐकणाऱ्याला थोडे अवघडल्यासारखे झाले असते. श्याम म्हणतो तेव्हा ती आई ऐकणाऱ्याचीही होऊन जाते.

त्याच वर्षी विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले त्यात इतके उघडपणे आले होते की कथांपेक्षा ‘ही विभावरी शिरूरकर कोण?’ याचीच चर्चा अधिक झाली. टोपणनावामागे पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेलेल्या लेखिका होत्या. सानेगुरुजींनी पात्राचे नाव बदलले, मालतीबाईंनी लेखिकेचे. आणि दुसऱ्या बदलाची गरज का पडली, हे त्या काळातल्या स्त्रीच्या स्थितीविषयी पुरेसे सांगते. त्यांचे पती विश्राम बेडेकर यांनी बऱ्याच वर्षांनी आत्मचरित्र लिहिले, तेव्हा ‘मी’ गाळून तृतीय पुरुषात लिहिले. ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे नाव उपनिषदातल्या प्रतिमेवरून घेतलेले आहे: एक पक्षी फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. एकाच घरात दोन लेखकांनी स्वतःपासून दोन निरनिराळ्या तऱ्हांनी अंतर राखले, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

मात्र हे अंतर सर्वांत जीवघेणे होते ते १९७८ च्या ‘बलुतं’ या दलित आत्मकथनामध्ये. येथे दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ऐकणारा असतो दया पवार. दोघेही एकच. एक गावकुसाबाहेर वाढलेला, दुसरा शिकून शहरात नोकरीला लागलेला, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ज्याचे नाव छापले जाते तो. पांढरपेशा झालेल्या माणसाला आपला भूतकाळ परक्यासारखा समोर बसवून ऐकावा लागतो, ही या रचनेतली वेदना आहे. येथे सांगणाऱ्याचे नाव ‘खोटे’ नाहीच. उलट कवी म्हणून गाजलेल्या नावापेक्षा तेच जास्त खरे आहे. हा उकिरडा कशासाठी उपसला, असा सवाल त्यांच्या स्वतःच्या समाजातूनही झाला, पण त्यानंतर दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांच्या आत्मकथनांची मोठी रांग लागली.

आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ला (१९८७) ‘आत्मचरित्रात्मक कादंबरी’ म्हटले गेले. शाळेसाठी बापाशी झगडणारा आंद्या म्हणजे यादवच, तरी संवादांची आणि प्रसंगांची जुळणी कादंबरीकाराची. ‘झोंबी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि कल्पना कोठे सुरू होते याचा हिशेब कोणी मागितला नाही, कारण आयुष्य त्यांचे स्वतःचे होते. तेच यादव ‘संतसूर्य तुकाराम’मध्ये कादंबरीकाराच्या अधिकाराने तुकोबांच्या तारुण्यात शिरले तेव्हा वारकरी संतापले. त्यांच्यासाठी तुकोबा हे पात्र नव्हतेच, ते घरातले माणूस होते. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले, संमेलनाध्यक्षपदाचा राजीनामा दिला, आणि २००९ चे महाबळेश्वरचे साहित्य संमेलन अध्यक्षांविनाच पार पडले.